एक मे, मनीऑर्डर आणि वेंगुर्ल्याची बोट

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

यंदा १ मे ला नातीला घेऊन शाळेत गेलो होतो. आमच्याकडे अजून तसंच आहे, आधी झेंडावंदन आणि मग निकाल, त्यामुळे पोरांचं सगळं लक्ष बाईंच्या हातातल्या प्रगतिपुस्तकांच्या गठ्ठ्याकडे. पाहुण्यांनी भाषण केलं, चांगलं अर्धा तास केलं, हुतात्मा चौक झाला, मुंबई झाली, मुंबईच्या गिरण्या झाल्या, मंगल कलश झाला. ऊन चढत होतं, दोन पोरं चक्कर येऊन खाली बसली. आणि त्या अर्ध्या तासात वेंगुर्ल्याचं नाव एकदाच आलं, "वेंगुर्लावासीयांनो" असं, सुरुवातीला.

मला राग नाही आला, पण घरी येईपर्यंत डोक्यात तेच चालू होतं, म्हणून लिहितोय.

माझे आजोबा परळला गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर काम करणारे. गावच्या मंडळाची खोली होती, तिथे दिवसपाळीवाले आणि रातपाळीवाले आळीपाळीने एकाच वळकटीवर झोपायचे, जेवण खाणावळीत, आणि दर महिन्याला घरी मनीऑर्डर. आमच्या वाडीतल्या निम्म्याहून जास्त घरांचं असंच होतं. १६ जानेवारी १९५६ ला नेहरूंनी रेडिओवर सांगितलं की मुंबई केंद्राच्या ताब्यात राहणार, आणि मग मुंबई पेटली, गोळीबार झाले, कर्फ्यू लागला. हे आपण पुस्तकात वाचतो. आमच्या आजीने मात्र पुस्तक कधी हातात घेतलं नाही, तिला ते संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन असं आठवायचं : "बाजारात सगळे म्हणतत मुंबयत गोळीबार झालो, आणि ह्या म्हयन्याची मनीऑर्डर काय इली नाय." एवढंच. पुढे काही विचारलं तर ती तांदूळ निवडायला घ्यायची.

तेव्हा वेंगुर्ल्याला मुंबईची बोट यायची. बोट लांब समुद्रात थांबायची आणि होड्यांमधून माणसं बंदरावर उतरायची. त्या जानेवारीत आजी आणि वाडीतल्या बायका बंदरावर जाऊन उभ्या राहायच्या म्हणे, उतरणाऱ्या प्रत्येकाला विचारायच्या, लालबागचे कोण आहेत, परळचे कोण आहेत, आमचो घोव (नवरा) दिसलो काय. ओळखीचा कुणी भेटला तर ठीक, नाहीतर परत घरी आणि पुढच्या बोटीची वाट. आजोबा सुखरूप होते, मनीऑर्डर दीड महिन्याने आली, त्यावर नेहमीच्या दोन ओळी, पैसे पाठवले आहेत, प्रकृतीस जपावे. गोळीबाराबद्दल एक अक्षर नाही!

हुतात्म्यांचा आकडा कुणी १०५ सांगतं, कुणी १०६, कुणी १०७, त्या वादात मला पडायचं नाही. पण त्या मोर्च्यांमधे जो गिरणी कामगार होता त्यात कोकणातला माणूस किती होता हे काय वेगळं सांगायला पाहिजे? मुंबई आपल्याला मिळाली ती चाकरमान्यांनी धरून ठेवली म्हणून, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि त्याचं भाडं इथल्या बायकांनी भरलं.

बरं, गावाचा माणूस सांगायचा तर बॅ. नाथ पै आमच्या वेंगुर्ल्यात जन्मले, १९२२ साली. १९५७ ला राजापूर मतदारसंघातून लोकसभेत गेले, ते १९७० च्या डिसेंबरात लोकसभा विसर्जित होईपर्यंत खासदार होते, आणि १९७१ च्या जानेवारीत वारले. त्यांचं भाषण ऐकायला लोक मैलोनमैल चालत यायचे असं आमचे वडील सांगायचे. शाळेतल्या त्या भाषणात त्यांचं नाव नाही. शिरोड्याला १९३० च्या मे महिन्यात मिठाचा सत्याग्रह झाला, मिठागरं अजून आहेत, नाव नाही. डच वखार तर सतराव्या शतकातली, झाडीत भिंती उभ्या आहेत, पोरं तिथे सेल्फी काढतात, डच कोण विचारलं तर गप्प.

आणि सगळ्यात गंमत म्हणजे १ मे हा आमच्या जिल्ह्याचा पण वाढदिवस आहे, हे किती जणांना माहीत आहे? १ मे १९८१ ला रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला. त्याआधी कलेक्टर कचेरीत काही काम निघालं की रत्नागिरी, म्हणजे एसटीने जायला दिवस, यायला दिवस, आणि साहेब रजेवर असले तर लॉजचं भाडं. तेव्हा मी कॉलेजात होतो, ओरोसला तेव्हा माळरान होतं, लोक हसायचे की इथे कसलं जिल्ह्याचं ठिकाण.

आमच्याकडे महाराष्ट्र तसा अर्धवटच वाटतो, खोटं कशाला बोलू. रेडीला उभं राहिलं तर तेरेखोलचा किल्ला नदीच्या आपल्याच काठावर, पण तो गोव्याचा. भाजी बेळगावची, माणूस जास्त आजारी झाला की बेळगाव नाहीतर गोव्यातलं बांबोळीचं हॉस्पिटल. नकाशावरच्या रेषा कुठे पडल्या, का पडल्या, हे आमच्या पोरांना रोज दिसतं आणि कुणी सांगत नाही.

म्हणून माझी साधी सूचना आहे, शाळांनी आणि नगरपरिषदेने विचार करावा. पुढच्या १ मे ला पाहुण्यांचं भाषण दहा मिनिटं ठेवा आणि उरलेल्या वेळात गावातल्या एका म्हाताऱ्या माणसाला खुर्ची द्या, सावलीत, माईक द्या आणि बोलू द्या. मालवणीतच बोलू द्या, पोरांना कळतं. मोबाईलवर कुणीतरी रेकॉर्ड करा. आमच्या शेजारी एक आजी आहेत, नव्वदीला टेकल्यात, पोरवयात आईचं बोट धरून त्या बंदरावर गेलेल्या आहेत, बोटीचा भोंगा कसा वाजायचा ते तोंडाने काढून दाखवतात. चालता येत नाही त्यांना आता, रिक्षाने न्यावं लागेल.

रिक्षाचं भाडं मी देतो, येण्याजाण्याचं.

आपला एक वाचक,
वेंगुर्ला, जि. सिंधुदुर्ग