जुने सीओटू मशीन भंगारात घालण्याआधी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जुन्या गाड्यांच्या जपणुकीवर हल्ली पुष्कळ छापून येते. इंजिन, कार्ब्युरेटर, मूळ रंगाची छटा, क्रोमचे बंपर. पत्र्यावर मात्र कोणी बोलत नाही, आणि या गाड्या मरतात त्या पत्र्यानेच. फियाट ११०० किंवा पद्मिनीला वेगळी चासी नाही. मजला, दाराखालच्या पोकळ पट्ट्या, चाकावरच्या कमानी हीच तिची हाडे. गंजलेल्या जागी पुट्टी आणि फायबर भरून रंग मारला की गाडी प्रदर्शनात उभी राहते. जॅक लावला की बसते.

हा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा. आर्क वेल्डिंगला बारीक कांडी लावली तरी भोक पडते. गॅस वेल्डिंग मुरलेल्या हाताला जमते, पण उष्णता पसरून सपाट पत्र्याला लाटा येतात. त्यामुळे खरे काम मिगचे, म्हणजे आपले कारागीर ज्याला सीओटू मशीन म्हणतात त्याचे: ट्रिगर दाबला की टॉर्चमधून, म्हणजे हातातल्या मुठीतून, बारीक तार आपोआप पुढे येते, वितळते आणि गॅस जोडाला हवेपासून झाकतो. नवे महाग, म्हणून शिरोली, भोसरी किंवा वाळूजच्या एमआयडीसीतून उतरलेले मशीन हौशी लोक घरी आणतात. तार अडकते, ठिणग्या उडतात, टाका धरत नाही. मग कोणीतरी ‘पीसीबी (आतली इलेक्ट्रॉनिक सर्किटची पाटी) गेला’ असे निदान करतो आणि मशीन भंगारात जाते. हे पत्र त्या निदानाविरुद्ध आहे. पीसीबी जातो, नाही असे नाही. पण त्याच्याकडे शेवटी बघायचे असते. आधीचा बहुतेक दोष काही शे रुपयांच्या सुट्या भागांत असतो.

घेताना एक चूक टाळावी. चारशे अँपिअरचे थ्री फेज मशीन स्वस्तात मिळते, पण त्याची सर्वांत खालची पायरीच पत्र्याला जाळणारी असते. शिवाय घरी थ्री फेज कुठून आणणार? २३० व्होल्टवर चालणारे, १५० ते २०० अँपिअरचे आणि खाली ३०-४० अँपिअरपर्यंत उतरणारे मशीन पाहावे. पाटीवरचा ड्यूटी सायकलही वाचावा. १५० अँपिअरला २० टक्के म्हणजे दहा मिनिटांत दोनच मिनिटे वेल्डिंग. पत्र्याच्या टाक्यांना ते भरपूर झाले.

घरी आणल्यावर लगेच पिन खोचू नये. झाकण काढून ब्लोअरने धूळ उडवावी. ती साधी धूळ नसते, ग्राइंडिंगचा लोखंडी चुरा असतो आणि त्यातून वीज वाहते. ट्रान्सफॉर्मरचे मशीन पावसाळाभर पडून असेल तर वाइंडिंगने ओल धरलेली असते. प्रायमरीची, म्हणजे पुरवठ्याकडच्या वाइंडिंगची, टोके मोकळी करून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या मीटरने) मशीनच्या बॉडीशी तपासावे. एक मेगओहमच्या खाली आकडा आला तर आत १०० वॉटचा बल्ब दोन दिवस लावून ठेवावा आणि पुन्हा मोजावे. इन्व्हर्टर मशीनला, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालणाऱ्या हलक्या मशीनला, मेगर लावू नये. त्याच्या कपॅसिटरमध्ये पिन काढल्यावरही तीनशेच्या वर व्होल्ट साठून राहतात. दहा मिनिटे थांबून आणि मीटरने खात्री करूनच हात घालावा. पुरवठ्याला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, ‘सी’ प्रकारचा ३२ अँपिअरचा एमसीबी आणि खरोखरचे अर्थिंग हवे. घरातल्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर मशीन चालते असे वाटते, ते सॉकेट वितळेपर्यंत.

आता तारेचा मार्ग. रीळ गंजलेले असेल तर वरचे दोन-चार वेढे काढून भागत नाही, रीळच टाकून द्यावे. तोच गंज पुढे लायनरमध्ये भरतो. लायनर म्हणजे टॉर्चच्या केबलमधली स्प्रिंगसारखी नळी. ती ओढून काढून पांढऱ्या कागदावर झटकली की काळपट-तांबूस भुकटी पडते. तार धक्के खात येण्याचे हे सर्वांत मोठे कारण. ब्लोअर मारून महिनाभर निभते, पण नवा लायनर घालणे शहाणपणाचे. तो कापताना टॉर्च सरळ ताणून धरावा. तुकडा आखूड झाला तर टिपच्या मागे पोकळी राहते आणि तार तिथेच वळते. फीडरचे, म्हणजे तार पुढे ढकलणाऱ्या यंत्रणेचे, रोलर काढून त्यांवरचा आकडा वाचावा. ०.८ मिलिमीटरच्या तारेला ०.८ ची इंग्रजी व्हीच्या आकाराची खाच. दातेरी खाच असेल तर ती गॅसविना चालणाऱ्या पोकळ तारेसाठी असते. भरीव तारेवर ती चरे पाडते आणि तो चुरा पुन्हा लायनरमध्ये जातो. रोलरचा दाब किती? जाड हातमोज्याच्या चिमटीत तार हलकेच धरली तर ती चालत राहावी, घट्ट धरली तर रोलर घसरावा. दाब फार असला की पुढे तार अडताच रोलरपाशी तिचे घरटे होते. रिळाचा ब्रेकही पाहावा: ट्रिगर सोडल्यावर रीळ स्वतःच फिरत राहायला नको.

टॉर्चच्या टोकाची टिप उजेडासमोर धरून बघावी. नवीचे भोक गोल असते, झिजलेलीचे जिऱ्याच्या दाण्यासारखे लांबट. अशा भोकात तारेला वीज कधी मिळते, कधी नाही, आणि आर्क अडखळतो. टिप स्वस्त असते. दहा घेऊन ठेवाव्यात.

विजेच्या मार्गात सगळ्यांत आधी पोलॅरिटी, म्हणजे पॉझिटिव्ह-निगेटिव्ह कुठे जोडले आहे ते. आधीच्या मालकाने गॅसविना तार वापरली असेल तर आतल्या जोडण्या उलट्या असतात, आणि हे कोणी सांगत नाही. गॅस आणि भरीव तारेसाठी टॉर्च पॉझिटिव्हला, गाडी निगेटिव्हला. मग अर्थ केबल, म्हणजे मशीनमधून निघून क्लँपने गाडीला लागणारी. क्लँपची स्प्रिंग सैल, केबलच्या टोकाचा लग नुसता हातोडीने ठोकलेला, केबल आतून हिरवी पडलेली, हे नेहमीचेच दृश्य. वेल्डिंग चालू असताना दुसऱ्याने मल्टिमीटर मशीनच्या निगेटिव्ह टर्मिनलपासून थेट पत्र्याला लावावा. एक व्होल्टपेक्षा जास्त दिसला तर वाट खराब. पत्र्याला एकूण व्होल्टच १५-१६ लागतात, त्यांतला एक-दीड असा गळला तर काय उरले? एवढे करूनही ट्रान्सफॉर्मरचे मशीन गुरगुरत असेल, आर्कला जीव नसेल, तर रेक्टिफायरचा (एसीचे डीसी करणाऱ्या भागाचा) एखादा डायोड गेलेला असतो. जोडणी सोडवून एकेक मोजला की सापडतो.

गॅसचा दोष जोडावर दिसतो: टाका अनारशासारखा जाळीदार होतो. ट्रिगर दाबल्यावर व्हॉल्व्हचा टक् आवाज येतो पण नोझलमधून फुंकर येत नाही, तर होज काढून पाहावी. पडून राहिलेल्या नळीत कुंभारमाशीने मातीचे घर केलेले असते. सांध्यांना साबणाचे पाणी लावून गळती पाहावी. प्रवाह मिनिटाला ८ ते १० लिटर पुरे आणि पंखा बंद. सीओटूच्या रेग्युलेटरला हीटर असतो; त्याचे व्होल्ट ३६, ११० की २३० हे वाचून, मशीनमागच्या सॉकेटशी ताडूनच जोडावा. गेजच्या काट्यावरून सीओटू किती उरला ते कळत नाही, कारण आत द्रव असेतो काटा फारसा उतरत नाही. सिलिंडरचे वजन करावे. मानेवरची हायड्रोटेस्टची (पाण्याच्या दाबाने घेतलेल्या चाचणीची) तारीख पाच वर्षांपलीकडची असेल तर सिलिंडर भरून मिळणार नाही, म्हणून जुना सिलिंडर घेताना तारीख आधी वाचावी. परवडत असेल तर ८० टक्के आर्गॉन आणि २० टक्के सीओटूचे मिश्रण घ्यावे. ठिणग्या कमी आणि पातळ पत्र्यावर चूक पोटात घालणारे. मात्र त्याचा रेग्युलेटर वेगळा.

मशीन नीट जुळल्याची खूण कानाला कळते. लाह्या फुटल्यासारखे फट्-फट् झाले की जुळलेले नाही. कढईत भजी तळताना येतो तसा सलग चरचराट हवा. ०.८ च्या तारेने साधारण १६ व्होल्ट आणि मिनिटाला तीन मीटर तार, इथून सुरुवात करावी. सराव गाडीवर नव्हे, त्याच जाडीच्या भंगार पत्र्यावर. टाका उलटून पाहावा. मागे बारीक फुगीर रेघ दिसली तर तो आत गेला.

गाडीवर काम करताना दाराखालची पट्टी कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा अँगल टाक्यांनी धरून ठेवावा. तो नसला तर बॉडी मिलिमीटर-दोन मिलिमीटर बसते आणि नंतर दार लागत नाही. सलग वेल्ड ओढायचा नाही. २५-३० मिलिमीटरवर एकेक टाका, मग मधल्या जागा, मध्ये हात ठेवता येईल इतके निवू द्यायचे. भोक पडत असेल तिथे मागून तांब्याची पट्टी धरावी. तांब्याला टाका चिकटत नाही. अर्थ क्लँप जोडापासून वीतभर अंतरावर, घासून पांढऱ्या केलेल्या पत्र्यावर. चाकाला लावला तर करंट बेअरिंगमधून जातो. तुकडा मूळ आकाराचाच बसवावा. पन्नास वर्षे उलटलेल्या गाडीची केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी करायची असेल तर बॉडीच्या साच्यातला बदल आड येतो.

बॅटरी काढून बाहेर ठेवावी. पेट्रोलची टाकी रिकामी करून भागत नाही, उतरवावीच लागते. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची. क्लोरिनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेल्या पत्र्यावर आर्क मारला तर विषारी फॉस्जीन वायू तयार होतो, म्हणून पुसायला साधा थिनर, आणि तोही पूर्ण उडाल्यावरच आर्क. मजल्याखालचे डांबर आणि आतला जुना काथ्या-नमदा आधी खरवडून काढावा. तो धुमसतो आणि ज्योत अर्ध्या तासाने दिसते, तेव्हा मशीन बंद केल्यावर तेवढा वेळ तरी अग्निशामक सिलिंडर घेऊन गाडीपाशीच बसावे.

कळावे,
गाड्यांच्या पत्राकामातला एक वाचक, कोल्हापूर