चाकं चालती ठेवणाऱ्या पोरापोरींना

पोरांनो, पोरींनो,

शिबिरात व्हीलचेअर वाटल्या, फोटो काढले आणि माणसं निघून गेली. कोणाच्या कमरेचं माप घेतलं नाही, पंक्चर झाली तर न्यायची कुठं तेही सांगितलं नाही. पहिल्याच पावसाळ्यात कितीतरी खुर्च्या कोठ्यात गेल्या, वर कुटाराची पोती चढली. त्या बाहेर काढून तुम्ही चालत्या केल्या. त्याचे हे आभार, आणि ते मानताना गळा भरून येतो.

आपल्या पांदणीत बाभळीचा काटा ठरलेला. ट्यूब बदलताना टायरच्या आतून फडकं फिरवून रुतलेलं टोक काढलं नाही, तर नवी ट्यूबही लगेच पंक्चर होते. तुम्ही ते फडकं कधी चुकवत नाही. हवा कमी असली की ब्रेक टायरवर घट्ट दाबत नाही आणि उतारावर खुर्ची घरंगळते. म्हणून ब्रेकला पाना लावण्याआधी तुम्ही हवा पाहता. पुढच्या लहान चाकांच्या आसाला गुंडाळलेले केस, सुतळी, कापसाचे तंतू सोडवता. ओल्या काळ्या मातीत हीच चाकं रुततात. तिथं खुर्ची उलटी फिरवायची आणि मोठ्या चाकांवर मागं ओढत न्यायची, हे घरोघरच्या नातवंडांना तुम्हीच शिकवलं. 6 इंचांच्या पायरीला 6 फुटांचा उतार लागतो, दोन फुटांची फळी टेकवून चढवली तर खुर्ची मागं उलटते, हेही.

पण सगळ्यात मोलाचं वाटतं ते वेगळंच. खुर्चीला हात लावण्याआधी तुम्ही समोर उकिडवं बसता आणि विचारता, "आजी, लावू का हात?" मग उत्तर येईस्तोवर थांबता. अचानक मागून ढकललं तर बोटं आऱ्यांत जातात, हे कारण आहेच. त्याहून मोठं म्हणजे, ज्यांच्यादेखत सगळे त्यांच्या मुलाशी नाहीतर सुनेशीच बोलतात, त्यांना तुम्ही 'नको' म्हणायची मोकळीक दिली. आणि 'नको' आलं तर तुम्ही खरंच हात मागं घेता. एवढी माणुसकी शिकवायला कुठली शाळा नाही.

ट्यूब-बेअरिंगचा खर्च मात्र तुमच्या खिशातून नको. ग्रामपंचायतीनं स्वउत्पन्नाचे 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. येत्या ग्रामसभेत आम्ही तो विषय मांडतो. तोवर लागणाऱ्या सामानाची यादी मापांसह काढून ठेवा. मागचं चाक बहुतेकदा 24 इंची असतं, तरी टायरवर छापलेलं वाचूनच लिहा.

तुमचे,
गावकरी