मिस्त्रीकाकांच्या घरी जाऊन ये

पुणे, रविवार

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

बाबांची प्रकृती सुधारते आहे. अँजिओप्लास्टीनंतर डॉक्टरांनी जिना चढायला मनाई केली होती, ती परवा उठवली. पथ्याच्या बाबतीत ताई माझ्याहून कडक आहे, त्यामुळे इकडची काळजी करू नकोस. मंगळवारी शिरोलीला आपल्या मशीन शॉपच्या शेडमध्ये जे घडले ते मी बाबांच्या कानावर घातलेले नाही, तूही फोनवर त्याचा विषय काढू नकोस. मला ते शेजारच्या शेडमधून कळले. कोणी सांगितले हे विचारू नकोस आणि अंदाज आला तरी त्यांच्याशी वाद घालू नकोस. फोनवर बोलायला घेतले की आपल्या दोघांचाही आवाज चढतो, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

गिऱ्हाईक कंपनीचा इन्स्पेक्टर समोर उभा असताना तू मिस्त्रीकाकांना म्हणालास, की डोळे तपासून घ्या, नाहीतर घरी बसा. जॉबमधले भोक, म्हणजे बोअर, मोठा झाला होता, जो आत जायलाच नको तो नो-गो गेज आत जात होता, हे मान्य आहे. काकांनी उलट उत्तर दिले नाही. त्यांनी गेज कापडाने पुसला, तेलाचे बोट फिरवून पेटीत ठेवला, हात धुतले आणि डबा न उघडताच ते निघून गेले. बुधवारपासून ते कामावर आलेले नाहीत आणि माझ्या माहितीप्रमाणे तूही त्यांच्या घरी गेलेला नाहीस. फोन केलास, त्यांनी उचलला नाही आणि तू तो विषय तिथेच सोडून दिलास, असे मला वाटते. मिस्त्रीकाकांसारख्या माणसाची समजूत फोनवर निघत नाही रे.

चूक कोणाची होती, हे मी इथे बसून ठरवणार नाही. कापणारा इन्सर्ट नीट बसला नसेल, जॉब नीट पकडला गेला नसेल, मशीनमध्ये मापाची दुरुस्ती, म्हणजे ऑफसेट, भरताना आकडा चुकला असेल. ते तू शांतपणे शोधून काढ, तुझे शिक्षण त्याच कामाचे आहे. पण बाहेरचा माणूस उभा असताना आपल्या माणसाला बोलल्याने तो बोअर लहान झाला नाही. त्या इन्स्पेक्टरने मनात काय टिपून नेले असेल, याचा विचार कर. मालकाला दोष सापडायच्या आधी माणूस सापडतो, म्हणजे या शेडमध्ये कामावर नियंत्रण नाही, असेच त्याला वाटले असणार. त्या वेळी मशीन थांबवायचे, शंका असलेले जॉब लाल खूण करून वेगळ्या क्रेटमध्ये काढायचे आणि इन्स्पेक्टरला सांगायचे, की हा लॉट मी रोखला आहे, एकेक बोअर मोजून उद्या दुपारपर्यंत लेखी कळवतो. तो गेटबाहेर पडल्यावर काकांना ऑफिसात बोलवायचे, चहा मागवायचा आणि मग बोलायचे, तेही जॉबबद्दल. त्यांच्या डोळ्यांबद्दल, वयाबद्दल किंवा घरी बसण्याबद्दल एक शब्दही काढायचा नाही.

कास्टिंगमधल्या ब्लो होलवरून, म्हणजे ओतकामात आत राहिलेल्या पोकळीवरून, फाउंड्री आणि मशीन शॉप यांच्यात किती वितुष्ट येते, हे तू लहानपणापासून पाहिले आहेस. वरून कास्टिंग चांगले दिसते, दोन कट घेतले की आतले भोक उघडे पडते आणि मग मशिनिंगची मजुरी कोणी सोसायची यावरून वर्षानुवर्षांची नाती तुटतात. बाबा अशा वेळी संपूर्ण लॉट चालवून नंतर डेबिट नोट पाठवत नसत. पहिले काही नग खराब निघाले की ते काम थांबवायचे, त्यातले दोन नग गोणपाटात गुंडाळून स्कूटरवर पुढे ठेवायचे आणि उद्यमनगरातल्या फाउंड्रीत जाऊन मालकाच्या टेबलावर ठेवायचे. "हे बघा, आता काय करूया?" एवढेच बोलायचे. समोरच्या माणसाला मान वाचवायला जागा मिळाली, की तो स्वतःहून म्हणायचा, की उरलेली कास्टिंग्ज परत पाठवा, झालेली मजुरी मी देतो. मी ते सारे हिशेबाच्या वहीत मांडत आले आहे, त्यामुळे त्या दोन वाक्यांनी किती पैसे वाचवले ते मला ठाऊक आहे. पावसाळ्यात एकदा ते तसेच भिजत परत आले, गोणपाट रिकामे होते आणि फाउंड्रीवाल्यांनी तुझ्यासाठी भडंगाचा पुडा दिला होता. तुला ते आठवत असेल की नाही, कोण जाणे.

दुसरी गोष्ट थकलेल्या पेमेंटची. तू गिऱ्हाईक कंपनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर, त्यांचे वरिष्ठ वाचत असताना, परचेसच्या साहेबांना "कायदा वाचता येत नाही का?" असे लिहिलेस. कायदा आपल्या बाजूने आहे, हे मलाही माहीत आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी 2006 चा जो कायदा आहे, त्यात लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या पुढे आणि करार नसेल तर 15 दिवसांच्या पुढे आपले पैसे थांबवता येत नाहीत. थांबवले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ करून व्याज द्यावे लागते. आता तर प्राप्तिकरातही तरतूद आली आहे, की मुदतीत दिले नाहीत तर ज्या वर्षी प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी त्यांना तो खर्च दाखवता येतो. हे सगळे आपण बिलाच्या तळाशी, उद्यम नोंदणी क्रमांकाखाली, दोन ओळींत सौम्य शब्दांत छापू शकतो. ते वाचून त्यांचा अकाउंटंट जागा होईल आणि कोणाचा अपमानही होणार नाही.

ज्यांना तू बोललास त्या परचेसच्या साहेबांच्या हातात पैसे सोडणे नसतेच. माल गेटवर उतरतो, स्टोअरचा माणूस माल मिळाल्याची नोंद, म्हणजे जीआरएन, करतो, क्वालिटीवाले पास करतात आणि मग बिल अकाउंट्सच्या टेबलावर पोहोचते. आपले बिल बहुतेक वेळा स्टोअरमध्ये अडकते, डिलिव्हरी चलनावरचा ऑर्डरचा (पीओ) नंबर चुकला म्हणून, तर कधी अकाउंट्समध्ये, आपला जीएसटीआर-1, म्हणजे विक्रीचे जीएसटी विवरणपत्र, अकरा तारखेच्या आत भरला गेला नाही आणि त्यांच्या बाजूला बिल दिसले नाही म्हणून. म्हणून मी मुदत संपायची वाट पाहत नाही. माल पोचला की दोन-तीन दिवसांत स्टोअरला फोन करते, नावाने हाक मारते, घरचे बरे आहेत का विचारते आणि मग जीआरएन झाला का ते विचारते. मुदतीच्या आठवडाभर आधी अकाउंट्सला फोन करते. याला कोणी लाचारी म्हणेल, पण मी आजवर कोणापुढे लाचार झालेली नाही. आपले पैसे मागताना आवाज खाली ठेवता येतो आणि मागणी ठाम ठेवता येते. त्या साहेबांना एकट्यांना फोन कर आणि सांग, की ग्रुपवर तसे लिहायला नको होते, माझे बिल कुठे थांबले आहे एवढे कृपया पाहून सांगा. ग्रुपवर खुलासे लिहीत बसू नकोस.

पुन्हा लांबण लावली, क्षमा कर. घर सोडून, रात्रपाळी बघून, बँकेचा हप्ता सांभाळून तू हे सारे एकट्याने ओढतो आहेस आणि मी इथे बसून शहाणपण शिकवते आहे. बेअरिंग हाउसिंगची जी ऑर्डर तू आणलीस, तिचे कॉस्टिंग मी बाबांना हॉस्पिटलमध्ये वाचून दाखवले. टूलिंगचा खर्च तू वेगळा मांडला होतास, तो बघून त्यांनी चष्मा काढला आणि डोळे पुसले. नर्सला म्हणाले, हा माझा मुलगा आहे. ती बिचारी रक्तदाब बघत होती, तिला काय कळणार, पण मला फार बरे वाटले. तुझी बुद्धी आमच्यापेक्षा कितीतरी पुढची आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मला भीती तुझ्या जिभेची आहे. अण्णांचे आणि थोरल्या काकांचे जे झाले, त्यात पैशाचा वाद शेवटी आला. आधी चारचौघांत बोललेले शब्द होते आणि ते कोणीच मागे घेतले नाहीत. तुझ्या बोलण्यात अण्णांचा सूर ऐकला की मला रात्री झोप लागत नाही.

मिस्त्रीकाकांबद्दल आता आणखी लिहायचे नाही असे ठरवले होते, पण राहवत नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचे पाणी हायवेवर आले आणि रस्ता बंद झाला, तेव्हा काका शिरोलीला शेडमध्येच अडकले आणि घर उचगावला, नदीपलीकडे. आपण फोनवर सांगायच्या आधीच त्यांनी मशीनच्या मोटारी सोडवून उंचावर बांधल्या होत्या आणि मशीनच्या सरकत्या भागांना, स्लाइडवेला, ग्रीस भरून ठेवले होते. तू तेव्हा कॉलेजला होतास. खंडेनवमीला बाबा पहिली हळदकुंकवाची बोटे लेथला काकांकडूनच ओढून घेतात, ती उगाच नाही. तुला ते संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनवर हळू वाटतात, असतीलही. त्यांना इन्स्पेक्शनला किंवा नव्या मुलांना शिकवायला ठेवायचे असेल तर तसा विचार कर, पण तो त्यांच्याशी बसून कर, आणि ते परत आल्यावर कर.

उद्या सकाळी शेडला जायच्या आधी जा. ड्रायव्हरला पाठवू नकोस, पगाराचे पाकीट घेऊनही जाऊ नकोस. पैसे पुढे केले तर हिशेब मिटवायला आलास असे त्यांना वाटेल. त्यांची दोन्ही मुले घरात असतील, त्यांच्या देखतच बोल, कारण अपमान लोकांच्या देखत झाला होता. 'जर तुम्हाला वाईट वाटले असेल तर' असे म्हणू नकोस. मी चुकलो, मला तसे बोलायचा अधिकार नव्हता, असे सरळ सांग. ते गप्प राहिले तर तूही बसून राहा, काकू चहा करतील. त्याच दिवशी कामावर चला असा आग्रह धरू नकोस. शेडमध्ये आल्यावर त्या दिवशी जी पोरे हजर होती त्यांनाही कळू दे, की तू जाऊन आलास.

आणि पेढे नेऊ नकोस, काकूंना साखर आहे. रंकाळ्याजवळच्या गाडीवरून चांगली पेरू-संत्री बघून घे. बाबांचे पुढचे चेकअप गुरुवारी आहे, त्यानंतर फोन करीन.

तुझी,
आई