साखळी मेल थांबवा, दुसऱ्यांचे पत्ते उघडे पडतात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘देवीचा हा मेल अकरा जणांना पाठवा, थांबवलात तर नुकसान होईल’ हा मजकूर पूर्वी पोस्टकार्डावर यायचा. तेव्हा कार्डाचे पैसे आणि हाताने लिहिण्याचे कष्ट पडत. आता एक बटण दाबले की झाले. प्रत्येकाने दहा जणांना पाठवले तर सहाव्या फेरीत आकडा दहा लाखांवर पोहोचतो.

‘पाठवला तर काय बिघडते?’ असे अनेकांना वाटते. बिघडते ते पत्त्यांमुळे. फॉरवर्ड केले की आधीचा मेल कोणी, कधी, कोणाकोणाला पाठवला हे सगळे नव्या मजकुरात उतरते. चार-पाच हात फिरलेला मेल खालपर्यंत सरकवून पाहा. मुख्याध्यापक, ग्रामसेवक, पतसंस्थेचे व्यवस्थापक, त्यांचे नातेवाईक, सर्वांचे पत्ते नावानिशी ओळीने सापडतील. त्यांतल्या एकाच्याही संगणकात व्हायरस शिरला, तर तो हे पत्ते वेचून बाहेर धाडू शकतो. स्पॅम, म्हणजे नको असलेले घाऊक मेल, पाठवणाऱ्यांना अशी यादी फार मोलाची, कारण पत्ते वापरातले असतात आणि कोण कोणाला ओळखतो हेही त्यातून कळते. मग ‘साहेबां’च्या नावाने तातडीने पैसे मागणारा मेल नेमका त्यांच्याच कारकुनाला येतो.

‘हा मेल पाठवा, बिल गेट्स पैसे देतील’ ही थाप १९९७ पासून फिरते आहे. मेल पुढे किती जणांकडे गेला हे मोजून तिसऱ्याला कळवण्याची सोय ईमेलमध्ये नाहीच. त्यामुळे ‘प्रत्येक फॉरवर्डमागे आजारी बाळाला एक रुपया’ हेही खोटे. २००२ मध्ये तर अस्वलाचे चित्र असलेली एक फाइल व्हायरस म्हणून पुसायला सांगणारा मेल जगभर गेला. ती विंडोजचीच साधी फाइल होती. लोकांनी ती आपल्या हाताने उडवली.

खात्री न केलेला इशारा पुढे ढकलल्याने काय होते, हे खान्देशाला वेगळे सांगायला नको. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातील राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेतून पाच निरपराध भिक्षेकऱ्यांचा जमावाने जीव घेतला. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली. ईमेलमध्ये मात्र एकाच मेलला शेकडो पत्ते जोडता येतात.

रक्ताच्या मागणीचा मेल आला तर आधी तारीख आणि रुग्णालय पाहा, दिलेल्या क्रमांकावर फोन करा. जुनी मागणी वर्षानुवर्षे फिरत राहते आणि त्या घरचा फोन वाजत राहतो. जिल्ह्यातल्या रक्तपेढ्यांमधला साठा ‘ई-रक्तकोष’ संकेतस्थळावर पाहता येतो.

खरोखर कामाचा मेल पाठवायचा असेल तर फॉरवर्ड दाबल्यावर मजकुराच्या वर आलेली जुनी नावे व पत्ते निवडून पुसा. ‘टू’मध्ये स्वतःचा पत्ता घाला, बाकी सर्वांना ‘बीसीसी’त टाका, त्या ओळीतले पत्ते इतरांना दिसत नाहीत. मोबाइलवर ‘टू’च्या उजवीकडचा छोटा बाण दाबला की बीसीसीची ओळ उघडते. साखळी मेलला ‘रिप्लाय ऑल’ कधीच करू नका, त्याने तीच यादी पुन्हा सर्वांकडे जाते. पाठवणाऱ्याला एकट्याला कळवा. अनोळखी स्पॅममधल्या ‘अनसबस्क्राइब’वर क्लिक केले तर पत्ता चालू असल्याची पावतीच मिळते, तिथे ‘रिपोर्ट स्पॅम’ निवडा.

कार्यालयांचे नुकसान आणखी वेगळे. साध्या जिमेल खात्यावरून दिवसाला सुमारे ५०० जणांनाच मेल जातो. सणाच्या शुभेच्छांत तो कोटा संपला, तर सभेची नोटीस दुसऱ्या दिवसापर्यंत अडकते. जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील शाळा, पतसंस्था आणि ग्रामपंचायतींनी सामूहिक मेल फक्त बीसीसीतूनच पाठवावेत आणि कार्यालयाच्या खात्यावरून साखळी मेल पाठवण्यास लेखी मनाई करावी, ही विनंती.

– एक संगणक प्रशिक्षक, अमळनेर (जि. जळगाव)