सहाव्या पातळीच्या पुढची चिनी

बीजिंग, रविवार दुपार

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

एचएसकेची, म्हणजे चिनी भाषेच्या परीक्षेची, सहावी पातळी निघाली हे ऐकून किती आनंद झाला, ते फोनवर बोललेच. बडोद्यात या पातळीचं शिकवायला कुणी नाही, मकरपुऱ्याची नोकरी सांभाळायची, आणि तरी तू इथवर आलास. आईबाबांना त्याचं मोल नीट कळावं म्हणून मी त्यांनाही वेगळा फोन केला.

पण त्यानंतर तू जो बेत कळवलास, तो काही मला पटला नाही. फोनवर असं बोलणं अर्धवट राहतं, म्हणून लिहिते आहे. जुन्या यादीतले ५,००० शब्द झाले, आता २०२१च्या नव्या मानकातले ११,०९२ शब्द अँकीत, त्या कार्डांच्या ॲपमध्ये, भरायचे आणि रोज पन्नास या हिशेबानं संपवायचे, असं तू म्हणतोस. हे करू नकोस. त्या यादीतले निम्मेअधिक शब्द तू वाचताना आजही ओळखशील. ते तुझ्या लिहिण्यात येत नाहीत, आणि नुसत्या कार्डांनी येणारही नाहीत.

तू पाठवलेला निबंध मी दोनदा वाचला. चूक म्हणून बोट ठेवावं असं त्यात फारसं काही नाही. पण सगळी वाक्यं बोलल्यासारखी आहेत. चिनीत बोलण्याची आणि लिहिण्याची भाषा किती लांब लांब असते, हे पाचव्या-सहाव्या पातळीपर्यंत जाणवत नाही, कारण पाठ्यपुस्तकं आपल्याला मधल्या वाटेनं नेतात. वर्तमानपत्रातला अग्रलेख किंवा एखादं सरकारी निवेदन समोर आलं की ते अंतर दिसतं. ते ओलांडायला एकट्यानं अभ्यास करणाऱ्या माणसाला एकच खात्रीचा मार्ग मला माहीत आहे. मीही त्याच वाटेनं आले.

चांगल्या गद्यातला दीडशे-दोनशे अक्षरांचा एक परिच्छेद घे. पहिल्या दिवशी तो पूर्ण समजून घे आणि मराठीत उतरव. मराठी अशी हवी की आजीला वाचून दाखवली तर तिनं मध्येच थांबवून काही विचारू नये. मग मूळ कागद मिटून ठेव. दोन दिवस तिकडे बघायचं नाही. तिसऱ्या दिवशी नुसत्या मराठीवरून परत चिनी लिही, हातानं. झालं की मूळ शेजारी ठेवून लाल पेनानं फरक काढ. गुरू नाही ही तुझी अडचण आहे ना? मग ज्यानं तो परिच्छेद लिहिला, तोच तुझी वही तपासतो असं समज.

एक साधं वाक्य घेऊन दाखवते. मराठीत तू लिहिलंस, ‘राहणीमान सुधारलं तशा स्वच्छ हवेबद्दलच्या लोकांच्या अपेक्षाही वाढत गेल्या.’ हे चिनीत परत नेताना तू बहुतेक असं लिहिशील: जगणं चांगलं झालं, म्हणून लोकांना आणखी चांगली हवा हवी आहे. व्याकरण बरोबर, अर्थही बरोबर. आता मूळ बघ. ते ‘स्वेइच’नं, म्हणजे ‘च्या बरोबरीनं’ अशा शब्दानं, सुरू होतं. ‘सुधारलं’ हे क्रियापद तिथं नाम झालेलं आहे, ‘शंगहुओ श्वेइफिंग त थीकाव’, म्हणजे राहणीमानाची वाढ. ‘म्हणून’ कुठेच नाही, ते काम सुरुवातीच्या ‘स्वेइच’नंच केलं. आणि शेवटी लोकांची ‘याओछ्यो’, म्हणजे अपेक्षा, ती ‘युएलाययुए काव’ होते, दिवसेंदिवस उंच. यातला एकही शब्द तुला नवा नाही, बहुतेक सगळे तुझ्या पाच हजारांतलेच आहेत. तरी ते वाक्य तुला सुचलं नसतं. लाल पेनाची खूण नेमकी तिथं पडते, आणि स्वतःच्या हातानं काढलेला असा फरक सहसा विसरला जात नाही.

अँकी सोडून दे असं माझं म्हणणं नाही. त्यात सुटे शब्द भरू नकोस, जोड्या भर. परिस्थिती सुधारायची तर ‘कायशान’, कामाची पद्धत किंवा यंत्र सुधारायचं तर ‘कायचिन’, चूक सुधारायची तर ‘कायचंग’, आणि पातळीच्या बाबतीत मघाचंच ‘थीकाव’. तुझ्या कारखान्यात यातला ‘कायचिन’ रोज लागेल. कार्डावर एकटं क्रियापद लिहून काही साधत नाही, त्याच्यासोबत ते ज्या नामाबरोबर चालतं ते नाम हवं. शब्दकोशही आता चिनी-चिनीच उघडत जा. सुरुवातीला वेळ लागेल, चिडचिड होईल. पण अर्थाशेजारी दिलेली उदाहरणं तुला इंग्रजी अर्थ देणाऱ्या कोशात तशी मिळणार नाहीत.

एकाच परिच्छेदाकडे तीन-तीन दिवस बघत बसायचं तर पुढे कधी जायचं, असं तू म्हणशील. आजीला विचार. सूरसागर तलावासमोरच्या ज्या गायनशाळेत ती शिकली, सयाजीरावांनी १८८६ साली काढलेल्या, तिथं एकेक पलटा, म्हणजे स्वरांचा ठरावीक सराव, गळ्यावर चढेपर्यंत पुढचा मिळत नसे, असं ती कितीदा सांगते. या पातळीवरची भाषा तशीच घोटावी लागते.

परीक्षेच्या दृष्टीनंही हे वाया जात नाही. सातवी, आठवी आणि नववी यांची परीक्षा एकच असते, गुणांवरून पातळी ठरते, आणि तिच्यात लेखी आणि तोंडी भाषांतराचा स्वतंत्र भाग असतो. सहावीच्या पेपरातला संक्षेपाचा प्रश्नही सोडू नकोस: हजार अक्षरांची गोष्ट दहा मिनिटं वाचायची, कागद परत द्यायचा आणि आठवणीनं चारशे अक्षरांत लिहायची. परीक्षा झाली तरी आठवड्यातून एकदा तो प्रकार चालू ठेव.

आता बोलण्याचं. चिनीत लागणारे क-ख, त-थ हे वेगळे ठेवायला आपल्याला शिकावं लागत नाही, आणि ‘चाक’मधला च आणि ‘चिंच’मधला च हे दोन्ही घरातूनच जिभेवर असतात. तिकडे तू चोख आहेस. तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये मला खटकला तो चिनीतल्या चार सुरांपैकी तिसरा सूर. तू तो प्रत्येक वेळी खाली नेऊन पूर्ण वर आणतोस. सलग बोलण्यात तो खालीच राहतो (पुढेही तिसराच सूर आला तर गोष्ट वेगळी), पूर्ण वर येणं फक्त थांबण्याआधी किंवा शब्द सुटा म्हटला तरच. तू दर वेळी वर आणतोस म्हणून वाक्य तुटक ऐकू येतं. सीसीटीव्हीच्या, म्हणजे चीनच्या सरकारी टीव्हीच्या, सातच्या बातम्या घे, ‘शिनवन लिएनपो’. १९७८पासून चालू आहेत, अर्ध्या तासाच्या असतात. इथं सात वाजतात तेव्हा तुमच्याकडे साडेचार, म्हणजे तू कामावर असतोस. रात्री नेटवर बघ. अख्खा अर्धा तास ऐकू नकोस. एका मिनिटाची एकच बातमी घे, तिचा मजकूर छापून त्यावर कुठं श्वास घेतलाय त्या खुणा कर, आणि निवेदकाच्या मागोमाग नव्हे तर त्याच्या बरोबरीनं म्हण. मग स्वतःचं रेकॉर्ड करून दोन्ही एकामागून एक ऐक. पण तशी भाषा चहाच्या टेबलावर बोलू नकोस. गप्पांसाठी मुलाखती ऐक, ज्यात माणसं अडखळतात, वाक्य अर्धं सोडतात.

चिनी पुरवठादारांशी तू दिवसभर जे बोलतोस, ते अभ्यासात धरू नकोस. दर, तारीख, माल कधी निघाला, यात तेच तीनशे-चारशे शब्द फिरत राहतात.

आणि एक गोष्ट आवडीखातर कर. थोडी जुनी चिनी वाच. ह्यूएन त्सांगचं प्रवासवर्णन ६४६ सालचं, आणि त्यात आपलं भडोच आहे, तुझ्यापासून गाडीनं तासाभरावरचं. जमीन खारी, झाडझाडोरा विरळ, असं सांगून तो चार-चार अक्षरांत लिहितो: ‘चू हाय वेइ येन, ली हाय वेइ ये.’ समुद्र उकळून मीठ करतात, समुद्रावरच पोट भरतात. ते वाचलं तेव्हा मी पुस्तक घेऊन खोलीभर फिरले होते. त्यातला ‘वेइ’, म्हणजे ‘करणं’, आजच्या वर्तमानपत्रातही त्याच कामाला आहे, आणि चार अक्षरांची ती चाल आजच्या चांगल्या गद्यातही मुरलेली आहे. ती एकदा कानात बसली की अग्रलेख जड वाटत नाहीत. भडोचच्या आधीचंच वर्णन महाराष्ट्राचं आहे, पुलकेशी राजासकट. ते मी सांगत नाही, तू स्वतः लाव.

मोबाइलवरच्या भाषांतराच्या यंत्रांना माझी हरकत नाही. तुझं लिहून झाल्यावर, मुळाशी ताडून झाल्यावर, मग त्यांचं बघ. आधी बघितलंस तर तुझ्या हाताला काहीच काम उरत नाही.

घरात टीव्हीमुळे बसता येत नाही म्हणालास. मांडवीची सेंट्रल लायब्ररी आहे की! सयाजीरावांनी वाचनालयांची चळवळ १९१०च्या सुमारास आपल्यासारख्यांसाठीच उभी केली. सुट्टीच्या दिवशी वही घेऊन तिथं जाऊन बस.

पहिला परिच्छेद मी निवडून सोबत जोडला आहे. पुढच्या रविवारपर्यंत तुझं मराठी, तुझं चिनी आणि लाल खुणा अशी वहीची पानं जशीच्या तशी फोटो काढून पाठव. सुवाच्य प्रत करू नकोस, मला खुणाच बघायच्या आहेत. तिसऱ्या सुराचं एक मिनिटाचं रेकॉर्डिंगही त्यासोबत.

इथं १५ नोव्हेंबरपासून इमारतींचं हीटिंग सुरू झालं, त्यामुळे थंडीची काळजी करू नका असं आईला सांग. आईबाबांना आणि आजीला नमस्कार.

तुझी,
ताई