बापूला आवर

प्रिय दत्ता,

पत्र नाही, फोन नाही म्हणून शिव्या घालत असशील. घाल. तब्येत ठीक, गुडघा कुरकुरतो. लिहायचं कारण बापू. जिल्हा परिषद नको, थेट विधानसभा, असं त्याच्या डोक्यात बसलंय. वर दाखला आबांचा, म्हणजे आर. आर. पाटलांचा! ‘आबा साध्या घरातून गृहमंत्री झालेच ना?’ आता हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

अरे, आर. आर. पाटील 1979 ला सावळजमधून जिल्हा परिषदेवर गेले ते 1990 पर्यंत तिथेच. मग तासगावची आमदारकी, आणि मंत्रिपद 1999 ला. मधली वीस वर्षं बापूला दिसतच नाहीत. रस्त्याचा कागद कुठे अडतो ते जिल्हा परिषदेतच कळतं: प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. एक पायरी लटकली की मार्चअखेर येतो आणि निधी अखर्चित. हे ज्याला ठाऊक नाही, त्या मंत्र्याला सचिव म्हणेल ती पूर्व.

ग्रामविकास खातं मिळाल्यावर आबांनी गाडगेबाबा स्वच्छता अभियान काढलं, त्यात हीच जाण दिसते. आधी पैसे वाटले नाहीत. आधी गावाने झाडायचं, गटारं काढायची, मग बाहेरची समिती येऊन गुण देणार. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी चढती बक्षिसं. शेजारचं गाव पुढे जातंय म्हटल्यावर ग्रामसेवकाचीही झोप उडायची. खोट एवढीच की बक्षीस घेतलं आणि बऱ्याच ठिकाणी झाडू कोपऱ्यात गेला. 2007 ची तंटामुक्ती त्याच साच्यातली: ग्रामसभेने समिती नेमायची, दिवाणी, महसुली, फौजदारी तंटे नोंदवायचे, गावातच मिटवायचे. फक्त तेव्हा आबांच्या हाती गृहखातं होतं, त्यामुळे पोलीस ठाणंही कामाला लागलं.

आबांच्या डान्सबारबंदीवरचा आपला तंटा मात्र अजून मिटायचाय. तू म्हणतोस कोर्टाने घात केला. मी म्हणतो, मसुद्याने. मुंबई पोलीस कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीत कलम 33अ ने बंदी घातली आणि 33ब ने तीन तारांकित व वरच्या हॉटेलांना मोकळं सोडलं. तोच नाच तिथे चालतो, तर इथे का नाही? 2006 ला उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली, 2013 ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. 2014 ला सूट काढून पुन्हा बंदी आणली, तिलाही पुढच्या वर्षी स्थगिती. बोल आता.

आणि बापूच्या जिभेचं काय? 26/11 नंतरच्या एका वाक्यापायी आबांना डिसेंबर 2008 मध्ये राजीनामा द्यावा लागला. पाच वेळा निवडून आलेला माणूस होता म्हणून 2009 ला तेच खातं परत मिळालं, गडचिरोलीचं पालकमंत्रिपदही घेतलं. बापूला कोण परत बोलावणार? शिवाय 288 च्या सभागृहात 15 टक्क्यांच्या मर्यादेने मुख्यमंत्री धरून 43 मंत्री. त्यात जिल्हा, जात, पक्ष, गट. मंत्रिपदाचा शर्ट आतापासून शिवायला टाकू नको म्हणावं.

पोरीचं जमलं, फार आनंद झाला. विहिरीला पाणी लागलं का? वहिनींना नमस्कार.

बापू तुझंच ऐकतो. आरक्षणाची सोडत निघाली की आपला गट, म्हणजे जिल्हा परिषदेचा मतदारसंघ, बघ. खुला राहिला तर त्याला जिल्हा परिषदेचा अर्ज भरायला लाव, आणि ना-हरकत, थकबाकी नसल्याचे दाखले आधीच काढून ठेव. शेवटच्या दिवशी रांगेत तो भांडतो.

तुझा,
सुधा