कानात मोजणी

लंडन, ११ जानेवारी २०२६

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर माझ्या इथे निवेदिका होण्याचा विषय निघाला की तुम्ही "थांब, आईला देतो" म्हणता, म्हणून लिहायला बसले.

दादाने बातमी मुद्दाम फॉरवर्ड केली असणारच. ३१ डिसेंबरला इथली एमटीव्हीची नुसती गाणी लावणारी पाच चॅनेलं बंद झाली. १९८१ साली अमेरिकेत ज्या गाण्याने एमटीव्ही सुरू झालं, तेच गाणं त्यातल्या एका चॅनेलने शेवटी लावलं. व्हिडिओने रेडिओचा जीव घेतला, अशा अर्थाचं गाणं ते. व्हिडिओच्या जिवावर कोण उठलंय, ते तुमच्या हातातल्या मोबाइललाच विचारा.

"म्हणजे जिच्यासाठी फंड मोडला ती नोकरीच उरली नाही," असं तुम्ही म्हणणार. अहो, त्या चॅनेलांवर निवेदक होतेच कुठे? गाण्यामागून गाणी, मधे जाहिराती. बोलायचं काम यूट्यूबवर आणि कॅमेरे लावलेल्या रेडिओ स्टुडिओंत केव्हाच गेलं.

मी अजून स्टुडिओत रनरच आहे. म्हणजे कॉफ्या आणा, पाहुण्यांना गेटवरून आत घेऊन या. पण नोव्हेंबरात एकदा निवेदिकेला उशीर झाला आणि मला तिच्या जागी रिहर्सलला उभं केलं. कानात इयरपीस. समोर कॅमेऱ्याच्या काचेवर अक्षरं सरकतायत, तोंडाने मी बोलतेय आणि त्याच वेळी कानात एक बाई शांतपणे "दहा, नऊ, आठ" मोजतेय. गाण्याचं सुरुवातीचं म्युझिक वाजायला लागलं की त्यावर बोलायचं आणि गायकाचा आवाज लागायच्या आत थांबायचं. गायकाच्या शब्दावर आपला शब्द पडला की गेलं. तिथे बरेचजण अडखळतात म्हणे. मी नाही अडखळले.

कारण मी हे लहानपणी पाहिलंय. मिरजेच्या मिरासाहेब दर्ग्यात, चिंचेखाली, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या पुण्यतिथीचा गाण्याचा कार्यक्रम. तानपुरे लागेपर्यंत लोकांना धरून ठेवायचं काम तुमच्याकडे. तुम्ही माईकवर बोलायचात, पण कान मागे. चौथी तार जुळली की तुमचं वाक्य संपलेलं असायचं. मी मांडीवर डबा घेऊन बसलेली. आणि तुम्हीच मला विचारता, निवेदकाला कोण विचारतं?

लपवत नाही, एका ठिकाणी उच्चारावरून नाक मुरडलं गेलं. तीन ऑडिशनांचं उत्तरच आलं नाही. भाडं निघतं ते शनिवार-रविवारच्या दुकानातल्या नोकरीवर. पण मागच्या महिन्यापासून इथल्या एका छोट्या रेडिओवर रविवारी रात्री तासभर मिळालाय, फुकट. तुमच्याकडे तेव्हा पहाटेचे साडेचार वाजलेले असतात. तुम्ही उठलेलेच असता, ते मला माहितीये. लिंक आईकडे आहे.

एक काम करा. कपाटात वरच्या खणात तुमची निवेदनाची लाल वही असेल, गायकांची नावं आणि राग लिहिलेली. दादाला तिचे फोटो काढून पाठवायला सांगा. पुढच्या रविवारी पंधरा मिनिटं खाँसाहेबांच्या किराणा घराण्याला द्यायची आहेत आणि बोलायला काहीतरी हवंय.

आईला नमस्कार. गोळ्या वेळेवर घ्या.

तुमची,
चिमी